मारियामातेची दर्शनं आणि त्यांच्याशी जोडलेल्या प्रार्थना: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत कोल्हापुरातली आम्ही मोजकी कॅथलिक कुटुंबं रोज संध्याकाळी आळीपाळीने एकमेकांच्या घरी रोझरीला, म्हणजे मारियेच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, बसतो. आज कसबा बावडा, उद्या रुईकर कॉलनी, परवा उद्यमनगर. कुणी वसईकडचे, कुणी गोव्याचे, कुणी केरळचे, आणि माझ्यासारखे काही श्रीरामपूरच्या बाजूचे. प्रार्थना संपली की चहा आणि भडंगाची ताटली फिरते आणि मग प्रश्न सुरू होतात. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं विचारतात ते वेगळेच. वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी शिकवणारी बाई आहे, धर्मगुरू नाही. तुमच्या मनाची अडचण असेल तर फादरांशीच बोला. पण कुठली प्रार्थना कुठून आली, कुणाच्या तोंडून आली, हे शोधायची मला लहानपणापासून ओढ आहे आणि तेवढं मी खात्रीने सांगू शकते.

‘दर्शन’ म्हणजे नेमकं काय? ते मानलंच पाहिजे का?

नाही, सक्ती नाही. देवाने मानवाला जे सांगायचं ते ख्रिस्तामध्ये पूर्ण सांगून झालं, अशी आपली श्रद्धा आहे. त्यानंतर कुणाला मारियामाता दिसली, तिने काही सांगितलं, तर चर्च त्याला खासगी प्रकटीकरण म्हणतं. त्यामुळे शुभवर्तमानात, म्हणजे ख्रिस्ताच्या शिकवणीत, भर पडत नाही. एखाद्या काळातल्या माणसांना तेच शुभवर्तमान जगायला मदत झाली तर झाली, एवढंच त्याचं स्थान. चर्चने मान्यता दिलेली दर्शनंसुद्धा न मानता माणूस चांगला कॅथलिक राहू शकतो. उलट शुभवर्तमान बाजूला ठेवून फक्त दर्शनांच्याच बातम्यांमागे जो धावतो, त्याची मला जास्त काळजी वाटते.

रोझरीतलं नेमकं काय दर्शनातून आलं आहे?

पुष्कळांना वाटतं, सगळी रोझरीच. तसं नाही. ‘नमो मारिये’ या प्रार्थनेची सुरुवात बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातून आली: देवदूताचा नमस्कार आणि मारियेची नातलग अलिशिबा हिचे शब्द. शेवटची विनंती, ‘आम्हां पापी लोकांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’, हळूहळू जोडली गेली आणि १५६८च्या प्रार्थनाग्रंथात तिला आजचं रूप मिळालं. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ खुद्द येशूने शिकवलेली. रोझरी म्हणताना येशू-मारियेच्या आयुष्यातल्या ज्या प्रसंगांवर मनन करतो ती रहस्यं; त्यांतली प्रकाशाची रहस्यं पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली सुचवली.

दर्शनातून आली ती फक्त एक छोटी प्रार्थना, प्रत्येक दशकाच्या, म्हणजे दहा ‘नमो मारियें’च्या, शेवटी म्हणतो ती: ‘हे माझ्या येशू, आमच्या पापांची क्षमा कर…’ ती फातिमाची.

पोर्तुगालमधल्या फातिमा गावाजवळ कोवा दा इरिया नावाच्या माळावर तीन मुलं मेंढ्या चारत होती. लुसिया दहा वर्षांची, तिचा आतेभाऊ फ्रान्सिस्को नऊ वर्षांचा आणि त्याची बहीण जसिंता सात वर्षांची. १३ मे १९१७ ते १३ ऑक्टोबर १९१७ या काळात त्यांना सहा वेळा दर्शन झालं. पहिलं महायुद्ध चालू होतं. सहाही वेळा त्या स्त्रीने एक गोष्ट न चुकता सांगितली: रोज रोझरी म्हणा. १३ जुलैच्या दर्शनात मुलांना नरकाचं भयंकर दृश्य दिसलं आणि त्यानंतर तिने सांगितलं, की रोझरी म्हणताना प्रत्येक रहस्यानंतर ही प्रार्थना म्हणा. तिथल्या बिशपांनी चौकशी करून १३ ऑक्टोबर १९३० रोजी ही दर्शनं विश्वासयोग्य असल्याचं जाहीर केलं.

आमच्या घरी ‘ज्यांना तुझ्या दयेची जास्त गरज आहे’ म्हणतात, गोव्याच्या काकू वेगळं म्हणतात. बरोबर कोणतं?

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. गेल्या ऑक्टोबरात एका घरी याच ओळीवर सगळी रोझरी अडली. अर्धी खोली एक शब्द म्हणत होती, अर्धी दुसरा, एका कोपऱ्यातून कोकणी ऐकू येत होती, आणि पुढचं दशक कुणी सुरू करायचं तेच कळेना.

मूळ पोर्तुगीज शब्द फार साधे आहेत. लुसियाने लिहून ठेवलं त्याचा सरळ अर्थ असा: ‘हे माझ्या येशू, आम्हांला क्षमा कर, नरकाच्या आगीतून आम्हांला सोडव, सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने, विशेषतः ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांना.’ ‘तुझ्या दयेची’ हे शब्द मुळात नाहीत. अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून अनुवादांत ते आले. म्हटले तरी काही चुकत नाही, नाही म्हटले तरी नाही.

दुसरी गंमत ‘आत्मे’ या शब्दाची. लुसियाने पोर्तुगीजमध्ये लाडाचा, लहानपण दाखवणारा शब्द वापरला. आपण मायेने ‘बिचारे जीव’ म्हणतो ना, तसा. काही लोकांनी सुरुवातीला त्याचा अर्थ शुद्धिस्थानातले (मरणानंतर स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेले) आत्मे असा घेतला. पण ती प्रार्थना जिवंत माणसांसाठीही आहे, आणि विशेषतः जे देवापासून सगळ्यात दूर गेले आहेत त्यांच्यासाठी. मी म्हणताना नेहमी एखादा चेहरा डोळ्यांपुढे आणते. ज्याच्याशी माझं पटत नाही, त्याचाच.

ही प्रार्थना रोझरीचा सक्तीचा भाग नाही, हेही सांगून ठेवते. म्हणायची राहिली म्हणून रोझरी अपुरी राहत नाही. पण एका घरात, एका खोलीत बसलो असताना सर्वांनी एकच पाठ म्हणावा. आमच्याकडे आता सुरुवातीला यजमानीणबाई सांगतात, आज आपण असं म्हणू.

देवदूताची प्रार्थना कोणती?

फातिमाचीच, पण एक वर्ष आधीची. १९१६च्या वसंतात याच तीन मुलांना एक देवदूत दिसला. आपण शांतीचा दूत आहोत असं त्याने सांगितलं, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि तीनदा ही प्रार्थना म्हटली: ‘माझ्या देवा, मी तुझ्यावर विश्वास ठेवतो, तुझी आराधना करतो, तुझ्यावर आशा ठेवतो, तुझ्यावर प्रीती करतो. जे विश्वास ठेवत नाहीत, आराधना करत नाहीत, आशा ठेवत नाहीत, तुझ्यावर प्रीती करत नाहीत, त्यांच्यासाठी मी क्षमा मागतो.’

मुलांना ती इतकी भिडली, की मेंढ्या चरत असताना तीही जमिनीला कपाळ टेकवून तीच परत परत म्हणत राहिली. त्याच वर्षी शरद ऋतूत दूताने पवित्र त्रैक्याची एक मोठी प्रार्थना शिकवली. ती ख्रिस्तप्रसादाशी, म्हणजे उपासनेत घेतो त्या पवित्र भाकरीशी, जोडलेली आहे. या दोन्ही प्रार्थना लुसियाच्या नंतरच्या आठवणींतून जगाला कळल्या.

वर्गातल्या मुलांना मी पहिली प्रार्थना पाठ करायला लावते. चार क्रियापदं आहेत, दोनदा येतात, दोन दिवसांत पाठ होते. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, यात मागितलंय काय? काहीच नाही की.” स्वतःसाठी काहीच मागितलेलं नाही, हे तिच्या आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लूर्दच्या मातेने कोणती प्रार्थना दिली?

जगासाठी नवी प्रार्थना कोणतीच नाही. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी फ्रान्समधल्या लूर्द गावात चौदा वर्षांची बर्नादेत सरपण गोळा करायला गेली होती. गुहेत एक स्त्री दिसली. घाबरून तिने खिशातली जपमाळ काढली, पण क्रुसाची खूण करायला हात कपाळापर्यंत उचलेचना. त्या स्त्रीने स्वतः खूण केली, मग तिचाही हात उचलला गेला. बर्नादेत जपमाळ म्हणू लागली. ती स्त्रीही आपल्या माळेचे मणी सरकवत होती, पण ओठ हलत नव्हते. फक्त ‘पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव’ आलं की ती सामील व्हायची. मारियेने स्वतःलाच ‘नमो मारिये’ कशाला म्हणावं? देवाच्या गौरवात मात्र ती आपल्याबरोबर. ‘आपण मारियेची पूजा करतो का’ या प्रश्नाला मला याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

अशी अठरा दर्शनं १६ जुलैपर्यंत झाली. २५ मार्चला तिने नाव सांगितलं: ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे’, म्हणजे आईच्या पोटात आल्या क्षणापासूनच पापाचा डाग नसलेली. बर्नादेतला अर्थ कळला नाही. विसरू नये म्हणून तेच शब्द पुटपुटत ती फादरांच्या घरापर्यंत गेली.

आता ‘लूर्दची गुप्त प्रार्थना’ म्हणून मोबाइलवर जे फिरतं त्याबद्दल. त्या स्त्रीने बर्नादेतला खरंच एक प्रार्थना शिकवली होती, फक्त तिच्यासाठी. बर्नादेतने ती रोज म्हटली आणि मरेपर्यंत कुणालाही सांगितली नाही. तेव्हा तुमच्या मोबाइलवर आलेली प्रार्थना ती असू शकत नाही.

गळ्यात घालतो त्या मारियेच्या पदकावर काय लिहिलेलं असतं?

‘हे पापविरहित गर्भसंभवलेल्या मारिये, तुझा आश्रय घेणाऱ्या आम्हांसाठी विनंती कर.’ २७ नोव्हेंबर १८३० रोजी पॅरिसच्या एका मठातल्या कॅथरीन लाबूरे या तरुण सिस्टरला हे शब्द मारियेभोवती अर्धगोलात लिहिलेले दिसले. १८३२ साली पॅरिसमध्ये पटकीची साथ असताना पहिली पदकं वाटली गेली. निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धान्त पोपनी जाहीर केला १८५४ साली, म्हणजे चर्चच्या अधिकृत शब्दाआधी बावीस वर्षं ही एवढीशी ओळ पदकांवरून लोकांच्या गळ्यात होती.

दर्शन आपल्याला झालं हे कॅथरीनने जवळजवळ शेवटपर्यंत लपवलं. ती म्हाताऱ्या माणसांची सेवा करत राहिली. आजूबाजूच्या सिस्टरांनाही पत्ता नव्हता. पदक म्हणजे ताईत नव्हे, हे वर्गात समजावताना मी कॅथरीनचीच गोष्ट सांगते. तिने त्या दर्शनाचं भांडवल केलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पदक घासून घालणाऱ्या मुलांना मी रागावत नाही, पण घासताना ती ओळ एकदा म्हणा, असं सांगते.

मराठीत म्हटलेली चालेल का? इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये जास्त पुण्य लागतं का?

माझ्या सासूबाईंच्या वयाच्या एका आजींनी मला हे अगदी हळू आवाजात विचारलं, जणू काही चोरी करत होत्या. त्यांचा नातू इंग्रजी माध्यमात आहे. तो त्यांना म्हणाला, मराठीत देवाला कळतं का? त्या आजींसाठी हे उत्तर जरा लांबवते.

१५३१च्या डिसेंबरात मेक्सिकोत ग्वादालुपेची माता हुआन दिएगो या साध्या माणसाशी बोलली ती स्पॅनिशमध्ये नाही. त्याच्या घरच्या नाहुआत्ल भाषेत बोलली, आणि त्याच्या नावाला प्रेमाचा आणि आदराचा प्रत्यय जोडून. आपण ‘तुका’चं ‘तुकोबा’ करतो, ‘जना’ची ‘जनाबाई’ करतो, तसं. ‘मी इथे नाही का, मी तुझी आई?’ हे तिचे शब्द त्या भाषेत नोंदवलेले आहेत.

१८४६ साली १९ सप्टेंबरला फ्रान्समधल्या ला सालेत इथे गुरं राखणाऱ्या दोन मुलांना, मेलानी आणि माक्सिमँ यांना, रडणारी स्त्री दिसली. ती आधी फ्रेंचमध्ये बोलत होती. बटाट्यांच्या पिकाबद्दल बोलताना मेलानीला तो फ्रेंच शब्दच कळला नाही. ते लक्षात येताच ती स्त्री त्यांच्या गावच्या बोलीत बोलू लागली. मग विचारलं, तुम्ही नीट प्रार्थना करता का? मुलं म्हणाली, फारशी नाही. तिने सांगितलं, वेळ नसेल तेव्हा सकाळ-संध्याकाळ निदान एक ‘हे आमच्या पित्या’ आणि एक ‘नमो मारिये’ तरी म्हणा.

आणि लूर्दला बर्नादेतशी ती बोलली ती पिरेनीज डोंगराकडच्या बोलीतच. बर्नादेतला फ्रेंच धड येत नव्हतं. ‘पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का?’ असं विचारलं, आणि तेही आदरार्थी रूपात. गरीब, न शिकलेल्या पोरीला ‘आपण’ म्हणून. तिच्याशी असं कोण बोललं असेल त्या गावात? आपण मराठीत मारियेला ‘तू’ म्हणतो, कारण आईला कोल्हापुरात ‘अहो आई’ कोण म्हणतं! आणि ती मात्र गरिबाघरच्या लेकराला मान देऊन बोलते.

म्हणून आजी, मराठीतच म्हणा. नातवाला सांगा, बटाट्याचा शब्द कळला नाही म्हणून जी भाषा बदलते, तिला आपली मराठी जड जाणार नाही.

पहिले पाच शनिवार कसे पाळायचे?

१० डिसेंबर १९२५ रोजी स्पेनमधल्या पोन्तेवेद्रा इथे, फातिमाच्या लुसियाला झालेल्या दर्शनाशी ही भक्ती जोडलेली आहे. तेव्हा ती मठात होती. सलग पाच महिन्यांच्या पहिल्या शनिवारी पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पाच दशकांची रोझरी, आणि रोझरीच्या रहस्यांवर पंधरा मिनिटं मनन. सगळं मारियेच्या निष्कलंक हृदयाला झालेल्या दुःखाची भरपाई म्हणून.

आमच्याकडची खरी अडचण वेळेची. शनिवारी कारखान्यात ड्यूटी असते, शिरोलीच्या एमआयडीसीतून येईपर्यंत मिस्सा (चर्चमधली उपासना) संपलेली असते. त्यासाठी सवलत आहे. पापनिवेदन त्याच दिवशी झालं पाहिजे असं नाही. आधीचे काही दिवस चालतात, फक्त प्रसाद घेताना मन पापमुक्त असावं. योग्य कारण असेल आणि फादरांनी परवानगी दिली, तर पहिल्या शनिवारनंतरचा रविवारही चालतो. लोक बहुतेक वेळा विसरतात ती पंधरा मिनिटं. रोझरी म्हटली की मनन झालंच, असं समजतात. ती वेगळी आहेत. एकच रहस्य घ्या, समजा बेथलेहेमचा जन्म, आणि नुसतं बसा.

मरणाच्या वेळी तारणासाठी लागणारी कृपा मिळेल, असं वचन या भक्तीला आहे. ते वाचून कुणी म्हणालं, “म्हणजे पाच शनिवार झाले की मोकळे!” तसा विचार करणारा माणूस बहुधा दुसऱ्याच शनिवारी कंटाळतो.

व्हॉट्सॲपवर आलेली प्रार्थना नऊ जणांना पाठवली नाही तर अनर्थ होईल का?

नाही होणार. लगेच डिलीट करा. मारियामातेने कुठल्याही मान्य दर्शनात कुणाला धमकी देऊन प्रार्थना पसरवायला लावलेली नाही. ‘तीन दिवसांत चमत्कार’, ‘थांबवलं तर घरात मृत्यू’ असं लिहिलं असेल तर ती प्रार्थना उरत नाही, भीती विकणं होतं. मागे एका आजारी बाईला असा मेसेज आला आणि पाठवायला जमलं नाही म्हणून ती रात्रभर जागी राहिली. मला अजून राग येतो. त्या बाईचा नाही, मेसेज लिहिणाऱ्याचा.

कुठल्या प्रार्थनेबद्दल शंका असेल तर तीन गोष्टी बघा. कुठल्या दर्शनातली, कुठलं साल, कुठल्या बिशपांनी त्यावर काय म्हटलं. हे लिहिलेलं नसेल तर तुमच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातली प्रार्थना म्हणा.

मेजुगोरियेचं काय? ते मान्य आहे का?

बोस्निया-हर्झगोविनामधल्या मेजुगोरियेत जून १९८१ पासून दर्शनं होत असल्याचं सांगितलं जातं. १९ सप्टेंबर २०२४ रोजी रोमने तिथल्या भक्तीला ‘हरकत नाही’ असं म्हटलं. याचा अर्थ नीट समजून घ्या: तिथे जाऊन प्रार्थना करायला, त्यातून आध्यात्मिक लाभ घ्यायला हरकत नाही. दर्शनं अलौकिक आहेत असा निर्णय दिलेला नाही.

मे २०२४ मध्ये रोमने अशा घटनांची पारख करण्यासाठी नवे नियम जाहीर केले. त्यांत सहा प्रकारचे निष्कर्ष आहेत आणि ‘हरकत नाही’ हा त्यातला सर्वांत अनुकूल. यापुढे साधारणपणे चर्च ‘हे दर्शन खरंच अलौकिक होतं’ असं जाहीर करणार नाही. तेव्हा कुणी ‘व्हॅटिकनने खरं ठरवलं’ म्हणून सांगायला आलं, तर हे आठवा.

‘सर्व राष्ट्रांची माता’ ही ॲम्स्टरडॅमची प्रार्थना आमच्या आईच्या वहीत आहे. म्हणू का?

नको. त्या दर्शनांबद्दल १९७४ साली रोमने नकारार्थी निर्णय घेतला होता आणि जुलै २०२४ मध्ये तो उघडपणे जाहीरही केला. त्या प्रार्थनेतली ‘जी एकेकाळी मारिया होती’ ही ओळ आपल्या श्रद्धेला धरून नाही. मारिया आजही मारियाच आहे. आईची वही मात्र जपून ठेवा. त्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहा, बाकीची पानं वाचा.

वेलंकणी आणि हरेगाव?

वेलंकणी तमिळनाडूत, समुद्रकाठी. तिथल्या परंपरेत दूध घेऊन जाणारा मुलगा, पायाने अधू ताक विकणारा मुलगा आणि वादळातून वाचलेले पोर्तुगीज खलाशी अशा तीन गोष्टी आहेत. सण ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मसणाला. आधीचे नऊ दिवस नोव्हेना. कोल्हापुरातली बरीच कुटुंबं दरवर्षी जातात, कुणी केस अर्पण करतात, कुणी चालत जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये रोमने तिथल्या बिशपांना एक सुंदर पत्र पाठवलं आणि ख्रिस्ती नसलेले जे असंख्य लोक तिथे आईकडे येतात त्यांच्याबद्दलही आदराने लिहिलं.

हरेगाव माझ्या माहेरच्या बाजूला, श्रीरामपूर तालुक्यात. सप्टेंबरातली मतमाउलीची, म्हणजे मारियेचीच, यात्रा. माझी आजी भाकरी बांधून घेऊन चालत जायची. वेलंकणीसारखी दर्शनाची गोष्ट तिथे मी कधी ऐकली नाही. आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, “आईच्या वाढदिवसाला जायला कारण लागतं का?”

गाठी सोडवणाऱ्या मारियेची नोव्हेना आणि ५४ दिवसांची रोझरी?

पहिली दर्शनातली नाही. जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये साधारण १७००च्या सुमाराचं एक चित्र आहे, त्यावरून ती भक्ती आली. दुसरी १८८४ साली नेपल्समधल्या एका आजारी मुलीला झालेल्या दर्शनाशी जोडलेली आहे: सत्तावीस दिवस मागणीचे, सत्तावीस आभाराचे. हवं ते मिळो न मिळो, आभाराचे सत्तावीस सोडायचे नाहीत.

माझी जाऊ प्रोटेस्टंट आहे. ती म्हणते, तुम्ही मारियेला देव करता.

कोल्हापुरात ‘ख्रिस्ती’ म्हटलं की लोकांना आधी वायल्डर मेमोरियल चर्च आठवतं. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वायल्डर इथे आले, तेव्हापासून इथली बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी प्रोटेस्टंट. कॅथलिक घरांत त्यांच्याकडच्या सुना-जावा असणं नेहमीचं, माझ्याही घरी आहे. तेव्हा हा प्रश्न भांडणाचा न करता घरातल्या सारखा घ्यावा.

आराधना फक्त देवाची. मारियेला आपण वंदन करतो आणि ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं म्हणतो, जसं मी जाऊबाईंना म्हणते, माझ्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा. त्या लगेच करतात. ‘सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील’ हे लूकच्या पहिल्या अध्यायात आहे, त्यांच्याही बायबलात. आणि काना गावच्या लग्नात मारिया सेवकांना सांगते, ‘तो तुम्हांला जे काही सांगेल ते करा.’ आमच्या जाऊबाई आता रोझरीला बसतात. ‘नमो मारिये’चा पहिला भाग, शुभवर्तमानातला, म्हणतात. दुसऱ्या भागाला गप्प बसतात. मी कधी काही म्हटलं नाही.

शेजारच्या बायका विचारतात, मारिया म्हणजे तुमची अंबाबाईच ना?

प्रेमाने विचारतात, म्हणून प्रेमाने उत्तर द्यावं. अंबाबाई त्यांची देवी आहे, या गावाची आई आहे, आणि आम्ही या गावात त्या आदरातच वाढलो. मारिया मात्र आमच्या श्रद्धेत देवी नाही. ती नाझरेथ गावातली एक बाई, येशूची आई, आपल्यासारखं माणूस. हे सांगितलं की शेजारणींना उलट जवळीक वाटते, असा माझा अनुभव आहे.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात आम्ही चार कुटुंबं एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर अडकलो होतो. महामार्ग बंद, लाइट नाही. रात्री मी रोझरी काढली. शेजारच्या काकू त्यांचं त्यांचं स्तोत्र म्हणत बसल्या होत्या. माझं एक दशक झालं की त्या थांबायच्या, त्यांचं झालं की मी. कुणी ठरवलं नव्हतं.

मुलं भराभर म्हणून संपवतात. काय करू?

फातिमाच्या तिघांनीही तेच केलं होतं. दर्शनाआधी खेळायला लवकर जाता यावं म्हणून ती प्रत्येक मण्यावर फक्त ‘नमो मारिया, नमो मारिया’ एवढंच म्हणायची आणि शेवटी ‘हे आमच्या पित्या’ एवढे दोनच शब्द. लुसियाने स्वतः हे लिहून ठेवलं आहे. फ्रान्सिस्कोबद्दल तर मारियामाता म्हणाली, तो स्वर्गात जाईल, पण त्याला पुष्कळ रोझऱ्या म्हणाव्या लागतील. हे ऐकून तो पोरगा खूश झाला आणि हव्या तितक्या म्हणेन म्हणाला. २०१७ साली, दर्शनाला शंभर वर्षं झाली त्याच दिवशी, पोप फ्रान्सिस यांनी त्याला आणि जसिंताला संत घोषित केलं.

तेव्हा धाक दाखवू नका. पाच दशकं जमत नसतील तर एकच, पण सावकाश. मुलाला एक मणी त्याच्या मित्रासाठी म्हणू द्या, एक कुत्र्यासाठी. दहा मणी पटकन भरतात.

माळ तुटली तर नवी घ्यावी का? आशीर्वाद पुन्हा घ्यावा लागतो का?

दुरुस्त होत असेल तर दुरुस्तच करा. थोडी डागडुजी केल्याने आशीर्वाद जात नाही. अगदी मोडून गेली असेल तर कचऱ्यात टाकू नका, स्वच्छ जागी पुरा.

माझ्या सासूबाईंची लाकडी मण्यांची माळ गेल्या वर्षी तुटली. मी ती रुमालात बांधून गुजरीत एका पटवेकऱ्याकडे नेली. त्यांनी मणी मोजले, एकोणसाठ. मग म्हणाले, “बाई, दहा झाले की एक सुटा का?” मी सांगितलं, दहा वेळा आईला हाक, मग एकदा बापाला. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. घरी आणून पाहिलं तर तिसऱ्या दशकात अकरा मणी. त्यांच्याकडचा एक तसाच लाकडी मणी जास्तीचा ओवला गेला होता. मी परत न्यायला निघाले, सासूबाईंनी माळ हातातून काढून घेतली. “राहू दे. एवढं मन लावून ओवलंय त्यानं. तो एक त्याच्या नावानं म्हणते मी.”

अजूनही तिसऱ्या दशकात आम्ही सगळे दहावर थांबतो, आणि त्या एकट्या अकरावं ‘नमो मारिये’ पूर्ण करेपर्यंत वाट बघतो.